बुडालेल्या पानांखालचा गाळ

पाण्याखाली जिथे वनस्पती वाढते, तिथला गाळ वेगळा असतो. यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही, पण हे तिथल्या कुठल्याही तळ्याच्या काठी दिसू शकते. आषाढ-श्रावणात काळ्या जमिनीची माती ओढ्यानाल्यांतून वाहत येते. कापसाच्या या जमिनीतला चिकणमातीचा कण इतका बारीक असतो की कित्येक आठवडे तो तळाशी बसत नाही. बेंबळा, अरुणावती, पूस, निळोणा या जलाशयांचे पाणी भाद्रपदापर्यंत गढूळच असते. आश्विनात ते निवळू लागते, पण सगळीकडे सारख्या वेगाने नाही. उघड्या तळाच्या काठावर म्हैस पाण्यात उतरली की गाळाचा लोट उठतो आणि ती निघून गेल्यावरही बराच वेळ तरंगत राहतो. चार पावलांवर, जिथे पाण्याखाली हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरियाची दाटी आहे, तिथे लोट कमी उठतो आणि लवकर विरतो. पानांबाहेर पाणी मातकट असताना पानांच्या दाटीत तळ दिसेल इतके ते नितळ असते.

विदर्भातल्या गोड्या पाण्यातल्या या वनस्पती आणि समुद्राच्या उथळ तळावर वाढणारे समुद्री गवत यांचे नाते जवळचे आहे. समुद्री गवत हे गवताच्या कुळातले नाही, आणि शेवाळही नाही. त्याला मुळे, खोड, पाने, फुले आणि बिया असतात. जगभरात त्याच्या साठ-सत्तर जाती आहेत आणि भारताच्या किनाऱ्यांवर पंधराच्या आसपास. त्यांतल्या हॅलोफिला, थॅलेसिया आणि एनहॅलस या प्रजाती हायड्रोकॅरिटेसी कुळातल्या आहेत, आणि हायड्रिला व व्हॅलिस्नेरियाही त्याच कुळातल्या. व्हॅलिस्नेरियाची नरफुले तळाशी देठापासून सुटतात, पृष्ठभागावर येतात आणि वाऱ्याबरोबर तरंगत मादीफुलापर्यंत पोहोचतात. परागण झाले की मादीफुलाचा लांब देठ वेटोळे घालून फळाला खाली ओढून नेतो. मन्नारच्या आखातात आणि अंदमानात वाढणारे एनहॅलस खाऱ्या पाण्यात हाच विधी जवळपास जसाच्या तसा करते. बाकीच्या बहुतेक समुद्री गवतांनी पृष्ठभागाचा आधारही सोडला आहे. त्यांचे पराग पाण्यातूनच, प्रवाहाबरोबर, एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे जातात.

महाराष्ट्राचा किनारा समुद्री गवताच्या बाबतीत श्रीमंत नाही. पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचे आखात, लक्षद्वीपची खाजणे आणि अंदमान-निकोबारची बेटे इथे गवताची खरी कुरणे आहेत. कोकणात पावसाळी समुद्र उसळतो, नद्या डोंगरातली लाल माती घेऊन येतात आणि खाड्यांचे पाणी काही महिने जवळजवळ गोडे होते. एवढे सोसणाऱ्या जाती थोड्या. त्यांतली एक हॅलोफिला बेकारी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या खाड्यांत, तसेच गोव्याकडे तेरेखोल, शापोरा आणि मांडवीच्या मुखांजवळ, भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलावर तिचे पट्टे असतात. पान जेमतेम एक सेंटिमीटरचे. ओहोटीला चिखल उघडा पडला की वरून पाहणाऱ्याला ते शेवाळच वाटते. पावसाळ्यात हे पट्टे विरळ होतात, अनेक ठिकाणी दिसेनासे होतात, आणि पाणी पुन्हा खारट व स्वच्छ झाले की चिखलातल्या बियांतून आणि उरलेल्या खोडांतून परत उगवतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ही जात असुरक्षित ठरवलेली आहे. एवढ्याशा झाडाकडे खाडीचा तळ घडवण्याचे काम आहे, हे मान्य करायला मन सहज धजत नाही. पण गाळाकडे पाहिले की मान्य करावे लागते.

पहिले काम पानांचे. उघड्या तळावरून वाहणारे पाणी वाळूच्या कणांना ढकलते, उचलते, पुढे नेऊन टाकते. गवत आले की प्रवाहाला हजारो पानांमधून वाट काढावी लागते. पाने लवचीक असतात. प्रवाह वाढला की ती वाकतात, एकमेकांवर पडतात आणि पाण्याचा मोठा भाग त्यांच्या वरून निघून जातो. खाली, पानांच्या दाटीत, पाणी मंदावते. मंदावलेल्या पाण्याची कण वाहण्याची ताकद कमी होते आणि जे कण बाहेर कधीच बसले नसते ते इथे बसतात. म्हणून गवताखालचा गाळ बहुधा शेजारच्या उघड्या तळापेक्षा बारीक असतो आणि त्यात सेंद्रिय द्रव्य जास्त असते. पानांवर सूक्ष्म शैवाल, जिवाणू आणि इतर चिमुकल्या जिवांचा चिकट थर वाढलेला असतो, तोही आदळणारे कण धरून ठेवतो. मात्र हे सगळीकडे सारख्या प्रमाणात घडत नाही. विरळ गवतात पाणी पानांच्या बुडाशी भोवरे घेते आणि तिथला गाळ उलट खरवडला जातो. कोकणातल्या हॅलोफिलासारखे ठेंगणे गवत लाटेला फारसे अडवू शकत नाही. त्याचा जोर पानांपेक्षा तळाखाली जास्त असतो.

तळाखाली आडवी खोडे पसरलेली असतात. ती गाळातून सरकत पुढे जातात, ठरावीक अंतराने वर पाने आणि खाली मुळे सोडतात. पानांनी बसवलेला कण पुढच्या वादळात पुन्हा उचलला जाऊ नये, याची तजवीज हे जाळे करते. गाळ साचत गेला तर खोडे वर सरकतात, जुनी खोडे खाली दबतात आणि तळ हळूहळू उंचावतो. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया ओशियानिका या गवताने या कामाची परिसीमा गाठली आहे. मेलेली खोडे, मुळे आणि त्यांत अडकलेला गाळ यांचा तिथे साचलेला थर काही ठिकाणी चार मीटरहून जाड आहे आणि त्याच्या तळाचे वय हजारो वर्षांत मोजले जाते. खोडे कुजत का नाहीत, याचे उत्तर गाळातच आहे. बारीक, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या गाळात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. त्याखाली कुजण्याची क्रिया अतिशय मंद चालते. पाण्यातून घेतलेला कार्बन अशा थरांत शतकानुशतके अडकून राहतो, आणि हवामानबदलाच्या चर्चेत समुद्री गवताचे नाव आज येते ते मुख्यतः यामुळे.

प्राणवायू नसण्याची दुसरी बाजू गवताच्या जिवावर बेतू शकते. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून सेंद्रिय द्रव्य कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. खाडीचा काळा चिखल उकरला की कुजक्या अंड्याचा वास येतो तो याच वायूचा. मुळांना तो विषारी. म्हणजे गवत जितका बारीक गाळ गोळा करील, तितके विष त्याच्या पायाशी वाढेल. यावर गवताचा उपाय असा, की दिवसा पानांत तयार झालेला प्राणवायू खोडातल्या पोकळ नळ्यांतून मुळांपर्यंत पोहोचवायचा आणि मुळांच्या टोकांतून थोडा गाळात सोडायचा. मुळाभोवती प्राणवायूचा एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि सल्फाइड तिथेच निष्प्रभ होतो. रात्री, किंवा पाणी गढूळ होऊन ऊन अडले की, हा पापुद्रा आकसतो.

इथे गवताला एका शिंपल्याची साथ मिळते. ल्युसिनिड कुळातले छोटे द्विपुटी शिंपले गाळात राहतात आणि त्यांच्या कल्ल्यांत सल्फाइडवर जगणारे जिवाणू असतात. शिंपला त्यांना सल्फाइड आणि प्राणवायू पुरवतो, जिवाणू शिंपल्याला अन्न देतात. 2012मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डच संशोधकांनी दाखवून दिले, की समुद्री गवत, शिंपला आणि जिवाणू हे तिघे मिळून एकमेकांना टिकवतात: शिंपला मुळांजवळचे विष कमी करतो आणि गवत त्याला अन्नाने भरलेला गाळ व मुळांतून झिरपणारा प्राणवायू देते. जगातल्या गवताच्या कितीतरी कुरणांत हे शिंपले सापडतात. ज्या चिखलाला माणूस घाण म्हणून टाळतो, त्याच्या आत इतकी काटेकोर देवघेव चालू असावी, ही समुद्रविज्ञानातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

गवत गाळ नुसता पकडत नाही, काही गाळ तिथेच तयारही होतो. पानांवर चुन्याचे कवच बनवणारे लाल शैवाल वाढते, चुनेरी नळ्यांत राहणारे बारीक किडे चिकटतात, आणि फोरॅमिनिफेरा हे एकपेशी जीव आपापली गोलसर, अनेक दालनांची कवचे बांधतात. पानाचे आयुष्य काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे. पान गळून कुजले की त्यावरचा चुना तळाशी पडतो. उष्ण, उथळ समुद्रांत हा चुना वाळूचा ठळक हिस्सा ठरतो. पण हिशेब एकेरी नाही. मुळांच्या श्वसनातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड गाळातले पाणी किंचित आम्ल करतो, आणि त्यामुळे साचलेल्या चुन्याचा काही भाग पुन्हा विरघळतो. एकाच गवताचे एक टोक चुना साठवते आणि दुसरे टोक तो झिजवते.

अशा तळावर जिवांची वस्ती दाट असते. गाळात बिळे करणारे वलयी किडे, वरवर उकरणारे द्विपुटी शिंपले, पानांवर चरणाऱ्या गोगलगायी, खोडांच्या जाळीत लपणारे चिमुकले खेकडे, समुद्रघोडे आणि नळीमासे. कोळंबीच्या आणि अनेक खाऊ माशांच्या पिल्लांना पानांच्या दाटीत मोठ्या माशांपासून आसरा मिळतो. त्यांना गवत खायचे नसते. पानांवरचे बारीक जीव आणि गाळातले किडे त्यांना पुरतात. ओहोटीच्या वेळी कोकणातल्या बायका चिखलातून तिसऱ्या आणि खुबे काढतात. खाडीचे हे अन्न शेवटी गाळाच्या पोतावरच अवलंबून असते. त्याच उकरण्याने हॅलोफिलाची नाजूक खोडे तुटतात हेही खरे; पण जुन्या पद्धतीच्या वेचणीपेक्षा वाळूचा उपसा आणि वरून येणारी माती खाडीच्या तळाला जास्त घातक. दुसरीकडे गाळातलेच काही जीव गवताच्या विरोधात असतात. बिळे करणारी भूत-कोळंबी खालची वाळू वर उपसून टाकते आणि तिच्या ढिगाऱ्यांखाली कोवळी रोपे गाडली जातात. खोडांचे जाळे दाट झाले की हिला बीळ करता येत नाही, आणि बिळे दाट झाली की गवताला रुजता येत नाही. दोघांची सीमा वर्षावर्षाला सरकत राहते.

मोठे चरणारे प्राणीही तळ बदलतात. समुद्रगाय म्हणजे ड्युगाँग हॅलोफिलासारखे मऊ गवत मुळासकट उपटून खाते आणि तिच्या मागे तळावर लांब, नागडे पट्टे उरतात. कळप लहान आणि कुरण मोठे असेल तर हे पट्टे पुन्हा भरतात, आणि गाळाची झालेली उलथापालथ नव्या वाढीला मानवते. तमिळनाडूने 2022मध्ये पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचे ड्युगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. ते क्षेत्र गवताशिवाय निरर्थक आहे. लक्षद्वीपमध्ये चित्र निराळे दिसते. तिथल्या खाजणांत हिरव्या कासवांची संख्या वाढली, ती गवतावर एकवटली, आणि अगत्तीसारख्या बेटांभोवती कुरणे झपाट्याने आक्रसली. मैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी हे वर्षानुवर्षे नोंदवले आहे. गवतात वाढणारे मासे कमी झाले आणि त्याचा राग मच्छीमारांनी कासवांवर काढला. कासवाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण, गवताला नाही. आणि दोघांचे भवितव्य एकाच तळात रुतलेले.

गवत गेल्यावर तळाचे काय होते, याचा मोठा धडा उत्तर अटलांटिकने 1930च्या दशकात दिला. झोस्टेरा मरिना या गवतावर लॅबिरिंथुला या सूक्ष्मजीवाचा रोग पसरला आणि युरोप व अमेरिकेच्या किनाऱ्यांवर बहुतेक ठिकाणचे गवत दोन-तीन वर्षांत नाहीसे झाले. पाने गेली तशी पुढच्या काळात खोडेही कुजली आणि गाळ मोकळा झाला. काही ठिकाणी बारीक चिखल वाहून गेला, तळाला भरड वाळू व गोटे उघडे पडले. गवतावर जगणाऱ्या ब्रेंट हंसांची संख्या कोसळली. लॉटिया अल्विअस नावाचा एक शंखधारी जीव फक्त याच पानांवर राहत असे. गोडसर पाण्याच्या खाड्यांत थोडे गवत रोगातून वाचले होते, पण या जिवाला कमी खारट पाणी सोसत नव्हते. तो कायमचा संपला.

परतीची वाट अवघड असते, कारण गाळ आणि उजेड एकमेकांत गुंतलेले आहेत. समुद्री गवताला पृष्ठभागावरच्या उजेडाचा साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त लागतो. सूक्ष्म शैवालाला याहून फार थोडा पुरतो. गवत असताना गाळ बसलेला, पाणी स्वच्छ आणि उजेड पुरेसा. गवत नसताना लाट गाळ ढवळते, पाणी गढूळते, उजेड खाली पोहोचत नाही आणि बी रुजले तरी रोप मरते. दोन्ही स्थिती आपापल्या परीने स्थिर असतात. व्हर्जिनियाच्या किनारी उपसागरांत रोग आणि 1933चे वादळ यांनंतर सुमारे सत्तर वर्षे गवत नव्हते. तिथले पाणी मात्र स्वच्छ होते. कमी होती ती बियांची. या शतकाच्या आरंभापासून संशोधकांनी आणि स्वयंसेवकांनी तिथे सात कोटींहून अधिक बिया पेरल्या, आणि 2020पर्यंत सुमारे 3,600 हेक्टरांवर कुरण उभे राहिले. गाळ बारीक झाला, त्यात कार्बन साठू लागला, मासे परत आले. विदर्भातही याच जातीचा एक प्रयत्न आहे. भंडारा-गोंदियातल्या जुन्या तलावांत ढीवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी बेशरमीची झुडपे उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, कारण मासे कशामुळे कमी झाले हे त्यांना पिढीजात ज्ञानाने कळत होते. खारे पाणी आणि गोडे पाणी यांत फरक पुष्कळ आहेत, पण तळाचे गणित दोन्हीकडे ओळखीचे निघते.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा मालवणचा समुद्र 1987मध्ये सागरी अभयारण्य झाला, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. प्रवाळ आणि मासे पाहायला तिथे लोक येतात. खाडीच्या आतल्या, चिखलात लपलेल्या हॅलोफिलाकडे पाहायला कोणी येत नाही, आणि तिचे रक्षण करायचे तर पाण्याइतकेच वरच्या डोंगरउतारांवर लक्ष ठेवावे लागेल. उतारावरची झाडी तुटली की माती खाडीत येते. थोडी माती गवत पचवते. एका पावसाळ्यात हातभर आली तर गवत तिच्याखाली जाते.

समुद्री गवत पृथ्वीच्या इतिहासात उशिरा आले. फुलझाडे आधी जमिनीवर विस्तारली, आणि मग त्यांच्या काही पाणथळ शाखा किमान तीन वेगवेगळ्या वेळा समुद्रात उतरल्या. समुद्री गवताचे सर्वांत जुने जीवाश्म क्रिटेशस कालखंडाच्या अखेरच्या भागातले आहेत. जवळपास त्याच सुमाराला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे लाव्हे वाहत होते आणि आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग बेसाल्टखाली गाडला जात होता. वणी आणि मुकुटबन परिसरात त्या बेसाल्टखालून फार जुने खडक वर डोकावतात: पैनगंगा समूहाचे वालुकाश्म, शेल आणि चुनखडी. वय शंभर कोटी वर्षांच्या घरात; नेमक्या आकड्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. हा समुद्रात साचलेला गाळ आहे. तळाचे वालुकाश्म उथळ पाण्यातले, तर चुनखडीचा बराच भाग खोल, शांत पाण्यातला मानला जातो. आज ती चुनखडी सिमेंटसाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी फोडली जाते.

या चुनखडीच्या कापात पातळ, समांतर रेघा दिसतात. आजच्या उथळ समुद्राच्या तळात अशा रेघा क्वचित टिकतात, कारण किडे, शिंपले आणि खेकडे गाळ सतत वरखाली करतात आणि गवताची मुळे त्यांना आणखी मोडतात. पैनगंगेच्या समुद्रात बिळे करणारा एकही प्राणी नव्हता. जो थर जसा बसला तसाच राहिला. त्या युगात उथळ तळ धरून ठेवण्याचे काम सूक्ष्मजीवांचे होते. दुधावरच्या सायीसारखा त्यांचा थर तळावर पसरे, वर पडलेले कण चिकटवून घेई आणि पुन्हा त्या कणांवर नवा थर धरी. त्यातून बनलेले स्ट्रोमॅटोलाइट नावाचे घुमटाकार दगड दक्षिणेकडे बागलकोटच्या कलादगी खडकांत पाहायला मिळतात. प्राणी आले, चरू लागले, बिळे करू लागले, तेव्हा ही साय बहुतेक समुद्रांतून हटली. पुढे कोट्यवधी वर्षे उथळ वाळूला मुळांचा आधार असा नव्हता. तो आला फुलझाडांबरोबर.

दगडात मात्र हे गवत फार क्वचित सापडते. पान मऊ, लवकर कुजणारे; मुळे आणि खोडेही गाळातल्या उलथापालथीत हरवतात. म्हणून भूवैज्ञानिक गवताऐवजी त्याचे शेजारी शोधतात. पानांवर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांची चपटी कवचे, ल्युसिनिड शिंपले, लाटांच्या माऱ्यातल्या किनाऱ्यावर अनपेक्षित वाटणारा बारीक गाळ, आणि समुद्रगायींची हाडे. कच्छमध्ये सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीन खडकांत अशी हाडे मिळाली आहेत, फोरॅमिनिफेरांनी भरलेल्या चुनखडीच्या सोबतीने. समुद्रगायी चरत होत्या, म्हणजे चरण्याजोगे काही तळावर उगवत असणार. एकेका थरातले कण चाळून, कवचे वेगळी करून, बिळांचे ठसे मोजून त्या कुरणांच्या कडा आता आखल्या जात आहेत. त्या समुद्रातल्या कुठल्या चिखलावर पाने होती आणि कुठला उघडा होता, हे बहुधा कवचांच्या जातींवरूनच कळेल.